शिरोरेघेची वही

2024 च्या गोकुळाष्टमीला पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि त्यानंतर विश्वामित्री आमच्या कारेलीबागेत शिरली. पावागढाकडून येणारी ही नदी एरवी बडोद्यातून इतक्या खोलातून, झाडाझुडपांच्या आडून वाहते, की पुलावरून रोज जाणाऱ्यालाही तिची आठवण राहत नाही. मगर दिसली तर लोक कठड्याशी थांबतात, तेवढंच. त्या आठवड्यात तिने 25 फुटांची धोक्याची खूण केव्हाच मागे टाकली आणि ती 35 फुटांच्या वर गेली. आमच्या सोसायटीत तळमजल्याच्या घरांमध्ये कमरेएवढं पाणी उभं राहिलं. पाणी उतरल्यावर दोन दिवस गाळ उपसण्यात गेले, मग गाद्या, मग धान्य, मग भांडी. कागद सगळ्यांत शेवटी हाती आले.

कागद दोन जागी होते. पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचे, संस्थानच्या काळातले: नेमणुकीचा हुकूम, काही मोडी पत्रं, दोन-चार पावत्या. आणि टीव्हीखालच्या कपाटात बाबांच्या हातची सोसायटीची ठरावबुकं. बाबा पुष्कळ वर्षं सेक्रेटरी होते. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली दोऱ्या बांधल्या, पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घातले, आणि मी नि आत्या ते सगळं वाळवत बसलो. आत्या जुन्या गावात, दांडिया बाजारातल्या वाड्यात जन्मली. मराठी शाळेत तिने आयुष्यभर शिकवलं आणि वाडा उतरवला तेव्हा ती आमच्याकडे राहायला आली. मी कारेलीबागेतच वाढले. त्या दुपारचं आमचं बोलणं इथे उतरवते आहे. भांडण म्हणावं इतकं ते मधे वाढलं होतं.

आत्या : आधी मोडीचे कागद पसर. त्या वह्या मागून.

मी : वह्या जास्त भिजल्यात, आत्या. शाई फुटायला लागली आहे.

आत्या : फुटू दे. दरवानाचा पगार कधी वाढवला आणि मोटरला नवी वायर कधी घातली, हे कुणाला पुन्हा वाचायचंय? हा हुकूम बघ. हा गेला तर आपण या शहरात कसे आलो त्याचा पुरावा गेला.

मी : आणि आपण इथे कसे राहिलो ते या वह्यांत आहे.

आत्या : राहतात सगळेच. इतिहास व्हायला काहीतरी घडावं लागतं, आणि ते घडलं तिकडे, जुन्या गावात. दावडीचे गायकवाड इथे आले, त्यांच्यामागून पुण्या-साताऱ्याकडचे आणि कोकणातले कारकून आले, शिलेदार आले, भिक्षुक आले. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण करून पाहिलं आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. 1886 मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, 1890 मध्ये कलाभवन. दादासाहेब फाळके त्या कलाभवनात शिकले. ग्रंथालयांची घडी बसवायला 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डनना बोलावलं, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरायला लागल्या. रियासतकार सरदेसाई 1889 मध्ये इथे नोकरीला लागले. मराठ्यांचा इतिहास त्यांनी लिहायला घेतला तो या गावात बसून. त्या तोडीचं कारेलीबागेत काय घडलं? एक तरी सांग.

मी : इथे आधी काय होतं ते बघ ना. चेपी, म्हणजे साथीच्या, रोगांचं हॉस्पिटल, मनोरुग्णांचं इस्पितळ, खासवाडीचं स्मशान. शहराला जे आपल्या अंगणात नको होतं ते सगळं त्याने इकडे आणून ठेवलं. दांडिया बाजारात कुणाला साथीचा रोग झाला, कुणाचं डोकं फिरलं, कुणी गेलं, की तो माणूस कारेलीबागेकडे यायचा. गायनशाळेचं साल तुला पाठ आहे. ज्या बायका त्या इस्पितळात वर्षानुवर्षं राहिल्या आणि ज्यांना न्यायला घरचं कुणी आलं नाही, त्यांचं साल कुणी पाठ करायचं?

आत्या : आणि आर्यकन्या विसरलीस. मुलींना गुरुकुलात ठेवून शिकवायचं, त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, हे इथे झालं. बहुचराजीचं देऊळही इथलंच. मी कारेलीबागेवर राग धरून बोलत नाही. पण ही सगळी संस्थांची ठिकाणं झाली. माणसं राहायला आली ती कालपरवा.

मी : कालपरवा म्हणजे पन्नास वर्षं झाली. आणि ती का आली? अंकलेश्वरला 1960 मध्ये तेल लागलं, 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मग खताचा कारखाना, मग आयपीसीएल. नोकऱ्या आल्या. वाड्यातल्या दोन खोल्यांत तीन भावांचे संसार मावेनात. बाबांनी आणि त्यांच्यासारख्या कारकुनांनी, मास्तरांनी, फिटरांनी कर्ज काढून इथे टेनामेंट बांधली. रस्ता नव्हता, दिवे नव्हते, पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन यायचे. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर सभासदांची यादी आहे: मराठी आहेत, पटेल आहेत, सिंधी आहेत, एक मल्याळी आहेत. आडनावं वाचत गेलं तरी शहर कसं बदललं ते कळतं.

आत्या : यादी म्हणजे शेजार नव्हे. वाड्यात दार लावायची पद्धत नव्हती. कुणाकडे पाहुणा आला की चार घरांतून भाजी यायची. माझ्या आईला शेवटच्या दुखण्यात घरच्यांनी जेवढं केलं त्याहून जास्त शेजारणींनी केलं. इथे प्रत्येक दाराला जाळी, जाळीला कुलूप.

मी : वाड्याचं दार उघडं होतं हे खरं. कुणासाठी उघडं होतं ते सांग.

आत्या : म्हणजे?

मी : 1917 मध्ये बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून आले, महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला. ज्या संस्थानाने त्यांना शिकायला पाठवलं, त्याच्या राजधानीत त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून ते रडले. तिथे आता संकल्पभूमी आहे. तेव्हा दांडिया बाजारातले वाडे होतेच ना, आत्या? दारं उघडी असलेले?

आत्या बराच वेळ बोलली नाही. मोडी कागदाचा कोपरा दुमडला होता, तो तिने बोटाने सरळ केला. मला वाटलं मी जास्त बोलले. मग तिने वर पाहिलं.

आत्या : खरं आहे. आमच्याही घरात कोणत्या माणसाला कुठपर्यंत येऊ द्यायचं ते ठरलेलं होतं. आई पाणी वरून घालायची. मी ते पाहिलं आहे आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण आता तू सांग. तुझ्या कारेलीबागेत घर बघायला कुणी आलं तर आधी त्याचं आडनाव विचारत नाहीत? आडनाव ऐकून फ्लॅट नुकताच गेला असं सांगत नाहीत?

मी : सांगतात. आपल्याही सोसायटीत सांगितलं आहे.

आत्या : मग?

मी : ते या वहीत आहे. बाबांनी लिहून ठेवलं आहे, कोण बाजूने बोललं, कोण विरुद्ध, आणि घर शेवटी दिलं नाही. बाबा घर नाकारण्याच्या विरुद्ध बोलले होते पण ठरावाखाली सही त्यांचीच आहे, कारण ते सेक्रेटरी होते. म्हणून मला या वह्या हव्यात. चांगलं तेवढं जपायचं म्हणून नव्हे. आपण काय केलं ते आपल्याच माणसाच्या हातचं इथे आहे, आणि ते दुसरीकडे कुठेच मिळायचं नाही. रियासतीत आपली गल्ली यायची नाही. रियासतकारांचं ते कामच नव्हतं.

यावर आत्या काही बोलणार तोच समोरच्या बेन चहा घेऊन वर आल्या. पुराच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या गॅसवर अख्ख्या जिन्याची खिचडी शिजली होती आणि बादलीला दोरी बांधून ती शेजारच्या गॅलरीत सोडली होती. आत्या त्यांच्याशी गुजरातीत बोलली, शुद्ध, मास्तरणीच्या गुजरातीत. त्या खाली गेल्यावर तिने तिचा खरा सल काढला.

आत्या : तू म्हणतेस त्यातलं बरंच मला पटतं. पण एक गोष्ट तुला कळत नाही, कारण तू ती गमावताना पाहिली नाहीस. आम्ही मराठी शाळेतून बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावर मराठी होती. वाण्याकडे होती, कचेरीत होती, तालमीत होती. माझ्या वर्गात शेवटी शेवटी पोरं किती राहिली होती माहीत आहे? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांना घरी बोलायला लावणारं कुणी नाही. परवा तुझ्या मुलाला विचारलं, पोहता येतं का? तर म्हणतो, मला पोहायला आवडतं. मी म्हटलं, आवडतं ते कळलं, येतं का? तर पुन्हा तेच. मग लक्षात आलं, गुजरातीत येण्याला आवडणं म्हणतात, आणि त्याच्या डोक्यात दोन्ही एक झालेत. हे तुला गोड वाटत असेल. मला भीती वाटते. त्याच्या मुलांना या कागदांवरचं एक अक्षर वाचता यायचं नाही. मग तू ते वाळव नाहीतर विश्वामित्रीत सोड.

मी : गोड नाही वाटत. मलाही लागतं ते. पण मी त्याला मराठीत रागावते, तो मला गुजरातीत उत्तर देतो, आणि त्याला माझं सगळं कळतं. सेव-उसळ कुणाची? उसळ आपली, वर मूठभर सेव गुजराती, आणि आज बडोद्याची ओळख म्हणून तीच खातात. संक्रांतीला आपण सुगडं पूजतो, तिळगुळ वाटतो आणि मग दोन दिवस गच्चीवर पतंग. तू स्वतः पुरणाला तुरीची डाळ घेतेस.

आत्या : माझी आई घ्यायची म्हणून घेते.

मी : तेच म्हणते ने मी.

आत्या : 'ने' नको. 'ना' म्हण.

मी : बरं, ना. महाराज स्वतः कवळाण्याचे, नाशिककडच्या खेड्यातले. 1932 मध्ये कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरी राज्य करताना मराठीच्या जोडीला त्यांनी गुजराती घेतली. 1931 चा सयाजी शासन शब्दकल्पतरु आठव, राज्यकारभाराचा एकेक शब्द आठ भाषांत. तुझ्या सोन्याच्या काळातलं सगळ्यांत मोठं काम मिसळण्याचंच होतं.

आत्या : मिसळणं आणि विरघळणं यांत फरक आहे. शब्दकल्पतरूत आठ भाषा आठ रकान्यांत उभ्या आहेत, एकीने दुसरीला गिळलेलं नाही. 1909, 1921, 1934, या गावात तीन संमेलनं झाली आणि नंतर थेट 2018. त्या फेब्रुवारीत मी तिन्ही दिवस मांडवात बसून होते. माझे जुने विद्यार्थी भेटले. सोबत त्यांची मुलं नव्हती. आपल्या सोसायटीतून कोण आलं होतं?

मी : बाबा आले होते तुझ्याबरोबर.

आत्या : बस. तो आणि मी.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी मुकाट्याने वहीची पानं सुटी करत होते. चिकटलेली दोन पानं अलगद वेगळी झाली आणि मधलं अक्षर पाण्यापासून वाचलेलं दिसलं. आत्याने चष्मा पुसला आणि वही माझ्या हातातून घेतली. इतकी वर्षं ती वही याच घरात होती, पण तिने कधी उघडली नव्हती.

आत्या : हे काय लिहिलंय? भाषा गुजराती आहे.

मी : सोसायटीचं कामकाज गुजरातीतच असतं.

आत्या : ते कळलं ग. अक्षर बघ. याने वर रेघ मारली आहे.

मी तोवर ते कधी नीट पाहिलं नव्हतं. गुजराती अक्षरांना शिरोरेघ नसते. बाबांनी प्रत्येक ओळ गुजराती अक्षरांत लिहिली होती आणि प्रत्येक शब्दावर, सवयीने, मराठी शाळेत शिकवतात तशी आडवी रेघ ओढली होती. पानामागून पान. दरवानाचा पगार, टाकीची सफाई, गणपतीची वर्गणी, गरब्याच्या माइकचं भाडं, सगळं रेघेखाली टांगलेलं.

आत्या : संस्थानच्या आज्ञापत्रिका अशाच असत. भाषा गुजराती, लिपी बाळबोध. आजोबांच्या कपाटात होत्या, मी लहानपणी त्यावरून गुजराती वाचायला शिकले. यानेही त्याच वाचल्या असणार. मला कधी बोलला नाही.

ती ते पान किती तरी वेळ बघत राहिली. भावाला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी पुन्हा बोलायला लागले, कारण गप्प राहणं जड जात होतं.

मी : इंग्लंडमध्ये 1538 मध्ये हुकूम निघाला, की प्रत्येक गावच्या चर्चमध्ये एक वही ठेवायची: कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न झालं, कुणाला पुरलं. एवढंच. त्या वह्यांवरून आज तिथली लहान लहान गावं स्वतःचा इतिहास लिहितात. गावातली निवृत्त माणसं जमतात, वाचतात, जुळवतात. कुठल्या साली किती मुलं गेली त्यावरून साथ कळते.

आत्या : त्यासाठी इंग्लंडला कशाला जायला हवं? नाशिकला, त्र्यंबकला जा. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या खापरपणजोबांच्या आधीचे सापडतील, गावासकट. इथल्या कोठी कचेरीच्या दफ्तरात मोडीचे रुमाल पडलेत, वाचणारा हवा.

मी : त्या वहीत जो तीर्थाला गेला तो आहे. जो जाऊ शकला नाही तो नाही.

आत्या : आणि तुझ्या वहीत?

मी : ज्याने मेंटेनन्स भरला तो आहे. जिने इथे पंचवीस वर्षं भांडी घासली ती नाही. ते मी मान्य करते. पण तिला शोधायला सुरुवात इथूनच करावी लागेल, कारण 'कामवाल्यांनी लिफ्ट वापरू नये' हा ठराव इथे आहे. बडोदंच बघ ना. 812 सालच्या ताम्रपटात वटपद्रक हे दान दिलेलं एक लहान गाव आहे, अंकोट्टकाच्या, म्हणजे आपल्या अकोट्याच्या, चौऱ्याऐंशी गावांपैकी. एक दान लिहून ठेवलं म्हणून आज सांगता येतं, की हे शहर तेव्हा खेडं होतं. लिहिणाऱ्याला काय माहीत होतं पुढे इथे राजवाडे होतील?

आत्या : आता कोण लिहितं? तुमचे ठराव?

मी : आता वही नाही. फोनवरच्या ग्रुपमध्ये सगळं ठरतं.

आत्या : आणि फोन बदलला की?

मी : गेलं.

आत्या : म्हणजे या पुराचं कुठेच काही नाही?

नव्हतं. वीज नसलेल्या रात्री, जिन्यात झोपलेली तळमजल्यावरची कुटुंबं, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचं डायलिसिस आणि त्यांना ट्रॅक्टरवरून नेणारी मुलं, पार्किंगमध्ये मगर आली म्हणून उठलेली आरोळी आणि ती खरी निघणं. फोनमध्ये त्याचे शेकडो फोटो होते, ओळ एकही नव्हती. 1927 च्या जुलैतल्या महापुराच्या गोष्टी आत्याने तिच्या आजीकडून ऐकलेल्या होत्या, पण आमच्या घरात त्याही कुणी उतरवल्या नाहीत. आजीबरोबर त्या गेल्या. आजव्याचं धरण 1892 मध्ये पुरं झालं, त्याच्या पाण्यावर हे शहर वाढलं, आणि तो तलाव काठोकाठ भरला की पाणी नदीत सुटेल या धास्तीने आता आमचं अर्धं लक्ष फोनकडे असतं. पुन्हा पाणी येईल तेव्हा या वेळचं किती चढलं होतं हे कुणाला तरी विचारावं लागेल.

आत्याने शेवटची वही मागितली, जी अर्धी कोरी होती आणि फक्त कडांना भिजली होती. कोरडं पान शोधलं. पेन मागितलं. मला वाटलं ती मराठीत लिहील. तिने गुजरातीत सुरुवात केली, समोरच्या बेननाही वाचता यावं म्हणून, असं म्हणाली. मग अर्ध्या पानानंतर थांबली आणि उरलेलं मराठीत लिहिलं, ते कुणासाठी ते तिने सांगितलं नाही. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं, कुणाच्या घरी स्वयंपाक झाला, कुणाला कुठे हलवलं, मदत मागायला कोण आलं आणि कुणी दार उघडलं नाही, हेसुद्धा. शेवटी, 7 सप्टेंबरला गणपती लहान आणायचा आणि वर्गणीतले उरलेले पैसे तळमजल्याच्या घरांना द्यायचे, असं जिन्यात उभ्याउभ्या ठरलं होतं, ते तिने ठरावाच्या भाषेत लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

मराठीचं काय होणार यावर आमचं एकमत झालेलं नाही. ती अजून माझ्या मुलाला रोज संध्याकाळी एक पान वाचायला लावते, आणि मी तिला अजून सांगते की त्याच्या गुजरातीला दोष देऊ नकोस. मोडी कागद एका चांगल्या पेटीत गेले आहेत. ठरावबुकं त्यांच्याच शेजारी आहेत, त्याच पेटीत, आणि ती आत्यानेच ठेवली.

कारेलीबागेतल्या आणि बाहेरच्याही वाचकांना एक विनंती. सोसायटीची, भजनी मंडळाची, गणेशमंडळाची, बंद पडलेल्या शाळेची जुनी वही कुणाच्या माळ्यावर असेल तर ती मागून घ्या, रद्दीत जाऊ देऊ नका. भिजली असेल तर कडक उन्हात ठेवू नका, सावलीत वाऱ्याला वाळवा. चिकटलेली पानं ओढू नका, पुरती सुकू द्या. आणि पुराचं पाणी कुठपर्यंत आलं ते तिच्यातल्या पुढच्या कोऱ्या पानावर तारखेसकट लिहा, ज्या लिपीत येत असेल त्या लिपीत.